खानापूरच्या शाळेत समुद्र शिकवायचा, तर पदवी कोणती घ्यावी?

नमस्कार बाई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही खानापूर तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळेत शिकवता. मुलगी बेळगावात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र. शिक्षिका व्हायचं हे तिचं ठरलेलं आहे. सागरी जैवतंत्रज्ञान (समुद्रातल्या जिवांपासून औषधं आणि उपयोगी पदार्थ मिळवण्याचं शास्त्र) आणि बायोइन्फर्मेटिक्स (सजीवांची माहिती संगणकानं ताडून बघण्याचं शास्त्र) वर्गात कसं शिकवायचं, याचं शाळेतल्या शिक्षकांना प्रशिक्षण मिळतं हे कळल्यापासून तिला त्याचाच ध्यास लागलाय. घरातून मात्र ‘लगेच बी.एड. कर, समुद्राशी आपला काय संबंध’ असं चाललंय. आणि तुम्ही विचारताय की शाळेत जो विषयच नाही, तो शिकून नोकरी कुठली मिळणार?

आधी नोकरीचं बोलू. ‘सागरी जैवतंत्रज्ञान शिक्षक’ अशी जागा कुठल्याच शाळेत निघत नाही, हे तुमचं बरोबर आहे. जागा निघतात त्या विज्ञान शिक्षकाच्या आणि पीयू कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, जीवशास्त्राच्या व्याख्यात्याच्या. कर्नाटकात सहावी ते आठवीच्या पदवीधर शिक्षकाला पदवी, बी.एड. आणि टीईटी लागते. पीयूला एम.एस्सी. आणि बी.एड. दोन्ही लागतात. पुष्कळ मुलं फसतात ती इथेच. भरतीच्या अधिसूचनेत कोणते विषय चालतील ते नावानिशी छापलेलं असतं, आणि नुसतं ‘बायोटेक्नॉलॉजी’ असलेल्या पदवीवर उमेदवाराला कागदपत्रांच्या तपासणीत अडचण येऊ शकते. तुमच्या मुलीचे तीन विषय या दृष्टीनं उत्तम आहेत. ते तिनं सोडू नयेत.

बी.एड. आधी की एम.एस्सी.? माझं मत एम.एस्सी. आधी. घरात पैशांची फारच ओढ असेल तर गोष्ट वेगळी, पण तुमच्या पत्रावरून तसं वाटत नाही. प्रयोगशाळेत दोन वर्षं हात घालून काम केलेल्या शिक्षिकेचा तास पुस्तक वाचून दाखवणाऱ्या शिक्षिकेच्या तासापेक्षा पहिल्या दहा मिनिटांत वेगळा ओळखू येतो.

आता एम.एस्सी. कशात? गोवा विद्यापीठात सागरी जैवतंत्रज्ञानाची एम.एस्सी. आहे, कर्नाटक विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्र विभाग कारवारला आहे. दोन्ही चांगले पर्याय आहेत. तरीही पीयूची सरकारी नोकरी हेच पक्कं ध्येय असेल, तर तिनं प्राणिशास्त्रात किंवा वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करावी आणि शेवटचा प्रकल्प समुद्रावर घ्यावा, असं मी सांगेन. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात दोना पावलाला आहे. १९६६ साली स्थापन झालेली ही संस्था तुमच्याकडून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला या रस्त्यानं गेलं तर काही तासांवर आहे. आपली मुलं पुण्या-बेंगळुरूची स्वप्नं बघतात, घाटाखालची ही संस्था त्यांच्या ध्यानातच येत नाही. बेळगावातही पारंपरिक औषधांवर संशोधन करणारी आयसीएमआरची राष्ट्रीय संस्था आहे. दोन्ही ठिकाणी तिच्या प्राध्यापकांमार्फत चौकशी करावी. पदव्युत्तर प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी पीयू व्याख्याता भरतीची मागची अधिसूचना मिळवून त्यातली विषयांची यादी स्वतः वाचावी. कुणाच्या सांगण्यावर जाऊ नये, माझ्याही.

‘समुद्राशी आपला काय संबंध’ या प्रश्नावर मात्र मला जरा थांबायचंय. तुमच्याच तालुक्यात मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाते. म्हादई भीमगडच्या जंगलातून निघते आणि मांडवी होऊन पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. एकाच तालुक्यातलं पाणी दोन समुद्रांना जातं. अशा ठिकाणच्या मुलांना समुद्र परका कसा?

शिवाय तो विषय पुस्तकात आधीच आहे. पीयू दुसऱ्या वर्षाच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात, डीएनएचे तुकडे वेगळे करण्याच्या भागात, अ‍ॅगॅरोज समुद्री शेवाळापासून मिळतं असं एक वाक्य आहे. मुलं ते पाठ करून पुढे जातात. तिथेच थांबून शिक्षिकेनं घरातलं चायना ग्रास, म्हणजे त्याच शेवाळापासून निघणारं अगर, वर्गात आणावं, उकळून थंड करावं आणि घट्ट झालेला थर मुलांच्या हातात द्यावा. १८८१ च्या सुमारास जर्मनीत जिवाणूंचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायला जिलेटिन वापरत, आणि ते उष्णतेनं वितळे. तिथल्या एका संशोधकाच्या पत्नी फॅनी हेस यांना अगर स्वयंपाकघरातून माहीत होतं, त्यांनी ते सुचवलं, आणि आज जगभर जिवाणू त्याच अगरवर वाढवतात. समुद्रातून औषधंही आली आहेत. रक्ताच्या कर्करोगावरचं सायटारबिन एका समुद्री स्पंजातल्या रेणूंच्या अभ्यासातून तयार झालं, आणि १९६९ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

बायोइन्फर्मेटिक्स म्हटलं की महागडे संगणक डोळ्यांपुढे येतात. शाळेत त्यांची गरज नाही. बेळगावच्या बाजारात मिळणारे बांगडा, सुरमई आणि तारली घ्या. बहुतेक प्राण्यांच्या पेशीत सीओआय नावाचा एक जनुक, म्हणजे डीएनएचा एक भाग, असतो. डीएनए ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहितात. त्यातला साडेसहाशे अक्षरांच्या आसपासचा तुकडा २००३ पासून प्राण्यांची जात ओळखायला वापरला जातो. अशा तुकड्यांची अक्षरं जीनबँक या माहितीसाठ्यात आहेत. १९८२ मध्ये सुरू झालेला हा साठा सर्वांना फुकट खुला आहे. १९९० मध्ये आलेल्या ब्लास्ट या साधनानं दोन तुकडे मोबाइलवरही ताडून बघता येतात. जंगलाकडच्या शाळेत नेटवर्क नसेल, तर शिक्षिकेनं तिन्ही माशांची एकाखाली एक जुळवलेली अक्षरं घरून छापून आणावीत आणि फरक मुलांनाच पेन्सिलीनं खुणावायला लावावेत. टोपलीत बांगडा आणि तारली एकमेकांसारखे दिसतात, पण नातं बांगड्याचं आणि सुरमईचं जवळचं. दोघे एकाच कुळातले. डोळ्यांना वाटलं ते आणि अक्षरांनी सांगितलं ते का जुळत नाही, यावर वर्गात जे बोलणं सुरू होतं, तेच बायोइन्फर्मेटिक्स. तारलीचा संपूर्ण जीनोम, म्हणजे तिच्या सगळ्या डीएनएची अक्षरं, २०२३ मध्ये कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं उलगडला, हेही त्याच तासाला सांगता येईल.

प्रशिक्षण निवडताना तिनं हेच बघावं. दिवसभर पडद्यावर चित्रं दाखवून संध्याकाळी प्रमाणपत्र देणारी प्रशिक्षणं खूप आहेत, त्यांनी वर्गात काही बदलत नाही. शिक्षकानं स्वतः सीक्वेन्स, म्हणजे डीएनएच्या अक्षरांची ओळ, शोधला का, त्यावर धडा तयार केला का, तो खऱ्या मुलांपुढे घेतला का, आणि घेताना कुणी मागे बसून पाहिलं का, हे आधी जाऊन आलेल्यांना विचारावं. महिन्याभरानं अडलं तर फोन कुणाला करायचा, हेही. एवढं मिळत असेल तर पदरचे पैसे घालूनही जावं. तोवर स्वयम् या सरकारी पोर्टलवर बायोइन्फर्मेटिक्सचे अभ्यासक्रम फुकट ऐकता येतात.

कन्नडकडे तिनं आत्तापासून लक्ष द्यावं. राज्याच्या भरतीत ते लागतंच. पण मला दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. आपली मुलं दहावीपर्यंत विज्ञान मराठीत शिकतात आणि पीयूला एकदम इंग्रजीत जाऊन पडतात. हुशार मुलं त्या पहिल्या सहा महिन्यांत गप्प होतात, आणि त्यांतली काही विज्ञानच सोडतात. याचं मला फार वाईट वाटतं. मराठीत समजावून इंग्रजी पुस्तकापर्यंत नेणारी, शेजारच्या बाकावरच्या कन्नड मुलाशीही त्याच्या भाषेत बोलणारी जीवशास्त्राची शिक्षिका या भागाला हवी आहे. ती तुमची मुलगी होऊ शकते.

शेवटी तुम्ही संकोचून विचारलंय की माझी नोकरी आठ वर्षं उरलीय, मी अशा प्रशिक्षणाला गेले तर चालेल का. जरूर जा. प्रशिक्षण प्राथमिक शिक्षकांना खुलं आहे का तेवढं आधी विचारा. आणि पेन्सिलीचा तो तास त्याआधीच तुमच्या सातवीच्या वर्गात घेऊन बघा. प्रत्येक माशाची साठ अक्षरं पुरेत. छपाईचं काम मुलीकडे द्या.