रेल्वेटाउन: उपनगर की पेठ?

प्रश्न असा आहे: ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिल या खाणींच्या गावावरच्या मजकुरात ‘रेल्वेटाउन’ला ‘सबर्ब’ म्हटले आहे आणि तिथल्या रुळांना ‘सिल्व्हर्टन ट्रामवे’. मराठीत ‘उपनगर’ आणि ‘ट्राम’ लिहिले तर चालेल का?

माझ्या मते दोन्ही नकोत.

‘उपनगर’ म्हटले की मराठी वाचकासमोर अंधेरी-बोरिवली उभी राहते, सकाळच्या गर्दीच्या लोकलसकट. ऑस्ट्रेलियात मात्र शहराच्या कुठल्याही नाव असलेल्या भागाला सबर्ब म्हणतात, मग ते शहर केवढे का असेना. ब्रोकन हिलची आजची सगळी वस्ती अठरा हजारांच्या आत. तिच्या पश्चिम अंगाला, रुळांच्या कडेने वाढलेला भाग म्हणजे रेल्वेटाउन. याला आपल्याकडे पेठ म्हणतात, नाहीतर सरळ वस्ती. ‘रेल्वे कॉलनी’ मात्र लिहू नका. त्याने रेल्वेने नोकरांसाठी बांधलेली क्वार्टर्स असा भलताच अर्थ निघतो.

आता ट्रामवे. इथे इतिहासात शिरावेच लागते. 1883 साली चार्ल्स रास्प या मेंढवाड्यावरच्या नोकराने ब्रोकन हिलच्या टेकडीवर खाणीसाठी हक्क नोंदवला आणि ओसाड माळावर चांदी, शिसे, जस्त यांचे गाव उभे राहिले. गाव न्यू साउथ वेल्समध्ये, पण सिडनी अकराशे किलोमीटरांवर आणि अ‍ॅडलेड जेमतेम पाचशेवर. साहजिकच साउथ ऑस्ट्रेलियाने आपले रूळ सरहद्दीवरच्या कॉकबर्नपर्यंत आणले. पुढचे सुमारे 57 किलोमीटर न्यू साउथ वेल्सचे सरकार स्वतः बांधेना आणि शेजाऱ्यालाही बांधू देईना. अखेर 1886 च्या कायद्याने एका खासगी कंपनीला परवानगी मिळाली, ती ‘ट्रामवे’ या नावाखाली. 1888 मध्ये गाड्या ब्रोकन हिलला पोचल्या. साउथ ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट पिरी या बंदरातल्या धातू वितळवण्याच्या भट्ट्यांकडे खनिज नेणारी वाफेची इंजिने, प्रवाशांचे डबे, दुष्काळात पाण्याच्या गाड्या: हे सगळे त्या ‘ट्रामवे’वरून जात असे! दोन रुळांमधले अंतर 1067 मिलीमीटर, आपल्या मीटर गेजहून थोडीच जास्त.

मराठीत ‘ट्राम’ हा शब्द मुंबईच्या रस्त्यांवरून आला. 1964 साली तिथली ट्राम बंद झाली, तरी शब्दाला चिकटलेले चित्र तेच राहिले: दुकानांच्या मधून घंटा वाजवत जाणारी गाडी. खाणीची मालगाडी त्या शब्दात कशी बसणार?

सिडनीकडून सरकारी रूळ ब्रोकन हिलला 1927 मध्ये आले, तेही 1435 मिलीमीटरांचे. म्हणजे दोन्हीकडची गाडी एकाच गावात, पण एकीचा डबा दुसरीच्या रुळांवर चालायचा नाही. 1970 मध्ये 1435 मिलीमीटरांचा मार्ग सलग झाला आणि ट्रामवे कंपनीचा हा मार्ग बंद पडला. गावाचे घड्याळ मात्र अजूनही अ‍ॅडलेडच्या वेळेवर चालते, सिडनीच्या अर्धा तास मागे. एका राज्यात राहून दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहणारे गाव, हे मजकुरात कुठेतरी यायला हवे.

तेव्हा ‘सिल्व्हर्टन ट्रामवे’ हे कंपनीचे विशेषनाम म्हणून तसेच ठेवा, पण धावणारी ‘आगगाडी’ लिहा. आणि वाक्य असे करा: ‘रेल्वेटाउन ही ब्रोकन हिलची रुळांलगतची पेठ.’ रेल्वेटाउनचे भाषांतर करून ‘रेल्वेनगर’ करायचा मोह आवरा; ते एखाद्या हाउसिंग सोसायटीचे नाव वाटते.