लांबचा पॉट चुकतोय, डोळ्याचं लेझर करू का?

प्रश्न : डॉक्टर नमस्कार. मी सांगलीचाच, विश्रामबागला राहतो, वय 42, मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब बघतो. दोन्ही डोळ्यांना मायनस 3.25 नंबर आहे, उजव्याला थोडा सिलिंडर, म्हणजे तिरका नंबर पण. कॉलेजपासून स्नूकर खेळतोय, दुकान बंद झालं की क्लबवर तास-दीड तास असतोच. पण आता लांबचे पॉट, म्हणजे लांबचा बॉल पॉकेटात घालायचे फटके, लई चुकायला लागलेत. वाकून नेम धरला की चष्म्याची वरची कड बरोबर बॉलवर येते, मग बोटानं चष्मा वर ढकलायचा, तेवढ्यात काचेला क्यूचा, म्हणजे खेळायच्या काठीच्या टोकाला लावतात तो निळा खडू लागतो, तो पुसत बसायचं आणि तोवर पोरं ओरडतात 'काका, खेळा की आता'. मित्र म्हणतो लेझर करून टाक, दुसऱ्या दिवशी सगळं चकाचक. बायको म्हणते खेळापायी कुणी डोळ्यावर लेझर मारून घेतं का. आता तुम्हीच सांगा.

उत्तर : वहिनींची भीती थोडी जास्त आहे आणि मित्राचा उत्साह त्याहून जास्त. पण तुम्ही स्वतःच पत्रात खरं दुखणं सांगून टाकलंय, ते म्हणजे चष्म्याची कड.

बघा काय होतं ते. आपण उभे असतो तेव्हा काचेच्या मधोमध बघतो, चष्म्याचा नंबरही तिथंच बरोबर बसवलेला असतो. तुम्ही हनुवटी क्यूला टेकवून खाली गेलात की चेहरा टेबलाकडं झुकतो आणि बुबुळं वर भुवयांकडं जातात, म्हणजे तुम्ही काचेच्या पार वरच्या काठातून नाहीतर फ्रेमच्या वरून बघताय. काठातून बघितलं, त्यात काच तिरकी झाली, की तोच 3.25 डोळ्याला वेगळा लागतो आणि बॉलची कड पुसट होते. 52.5 मिलिमीटरचा बॉल, तो दहा फुटांवर, आणि त्याची कड पुसट, मग पॉट कसा बसणार?

आज क्लबवर एक करून बघा. निळा बॉल त्याच्या जागेवर ठेवा, व्हाइट डी मध्ये, म्हणजे टेबलाच्या टोकाकडच्या अर्धवर्तुळात, आणि निळ्यावर नेम धरा. तुम्ही खाली वाका आणि एखाद्या पोराला चष्मा नाकावरून बोटभर वर धरायला सांगा, पोरं हसतील, हसू देत. तेवढ्यानं निळ्याची कड एकदम स्वच्छ झाली तर दोष फ्रेमचा. नाही झाली तर आधी नंबर नव्यानं तपासून घ्या, सिलिंडरचा अँगल थोडा जरी फिरला असेल तरी लांबचं फाटकं दिसतं.

फ्रेमचा दोष असेल तर त्याला स्नूकरचा खास चष्मा मिळतो. 1985 ची शेफील्डची वर्ल्ड फायनल तुम्ही पाहिली असेलच, निदान यूट्यूबवर तरी, डेनिस टेलर शेवटच्या डावातल्या शेवटच्या ब्लॅक बॉलवर स्टीव्ह डेव्हिसला 18-17 नं हरवतो ती. त्याच्या डोळ्यावरचा तो अवाढव्य, उलटा घातल्यासारखा चष्मा आठवा. काचा मोठ्या आणि भुवयांच्याही वर चढलेल्या, म्हणजे वाकल्यावर नजर बरोबर काचेच्या मधोमध पडते. जॅक कार्नेहम म्हणून बिलियर्ड्स खेळणारा आणि कॉमेंट्री करणारा गृहस्थ होता, त्यानं तो बनवून दिला होता. दिसायला भयंकर, पण माणूस वर्ल्ड चॅम्पियन झाला. तसली फ्रेम मागवता येते, फक्त काच बसवताना ऑप्टिशियनला खुर्चीत ताठ बसून माप देऊ नका. तिथं क्यू नसला तर छत्री धरा, खेळताना वाकता तसे वाका आणि त्या अवस्थेत काचेवर बुबुळाची खूण करून घ्या. माझ्या मते तुमचं निम्म्याहून जास्त काम इथंच होईल.

दुसरा मार्ग कॉन्टॅक्ट लेन्सचा, फक्त संध्याकाळच्या खेळापुरत्या, वापरून टाकून द्यायच्या. सिलिंडर आहे म्हणून टॉरिक, म्हणजे सिलिंडरचा नंबर असलेल्या लेन्स घ्या. अडतीवर हळदीची धूळ उडत असताना लेन्स घालू नका, घरी येऊन हात साबणानं धुऊन, कोरडे करून मगच घाला, नळाचं पाणी लेन्सला लावू नका आणि घालून झोपू नका. नेम धरताना माणूस पापणी मिटायचं विसरतो, त्यात डोक्यावर पंखा किंवा एसी, लेन्स कोरडी पडते आणि ऐन वेळी धूसर दिसतं. तेव्हा वाकायच्या आधी दोनदा सावकाश पापण्या मिटायची सवय लावून घ्या. अजून एक, लेन्स घालून महिनाभर खेळलात की लेझरनंतर खेळ साधारण कसा होईल तेही फुकटात कळतं. लेन्स घालूनही पॉट तेवढेच चुकत असतील तर लेझरनं ते बसायला लागणार नाहीत, मग कोपर आणि क्यू अॅक्शन बघा. जो डेव्हिस नावाचा जुना स्नूकर चॅम्पियन होता, त्याचा उजवा डोळा कमजोर होता, क्यू डाव्या डोळ्याखाली धरून खेळायचा, आणि 15 वर्ल्ड टायटल घेऊन गेला.

आता लेझर. तुमच्या नंबरला लॅसिक, पीआरके, स्माइल तिन्ही होऊ शकतात, बाकी तपासण्या बऱ्या आल्या तर. तिन्हींत कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, मधला भाग थोडा सपाट करतात म्हणजे लांबचं नीट दिसतं. लॅसिकमध्ये वरची पातळ चकती उचलून खाली लेझर मारतात, नजर एक-दोन दिवसांत येते. पीआरकेमध्ये वरचा थर काढतात, त्यात चार-पाच दिवस बरंच दुखतं आणि नजर स्थिर व्हायला काही आठवडे जातात. स्माइलमध्ये बारीक चिरेतून आतला तुकडा काढून घेतात. मित्र म्हणतो ते दुसऱ्या दिवशीचं खोटं नाही, पण काही महिने डोळे कोरडे राहणं आणि रात्री दिव्याभोवती वलय दिसणं हे बऱ्याच जणांना होतं, थोड्यांना पुढंही राहतं. रात्री क्लबवरून गाडी चालवत घरी जाता ना, समोरच्या ट्रकचा लाइट तेव्हा त्रास देतो.

पण तुमच्यासाठी मोठा मुद्दा वयाचा आहे. आत्ता तुम्ही चष्मा काढून शेतकऱ्याची पट्टी जवळ धरून आरामात वाचत असणार. मायनस 3.25 वाल्याला चष्म्याशिवाय फूटभर अंतरावरचं छान दिसतं. लेझरनं लांबचा नंबर घालवला की ही सोय गेली, आणि चाळिशी लागायचं वय तर आलंच आहे, म्हणजे दोन-चार वर्षांत वाचायचा चष्मा नाकावर. दिवसभर हिशेब करणाऱ्या माणसाला हा सौदा परवडतो का ते तुम्हीच ठरवा. यावर उपाय म्हणून एक डोळा लांबचा आणि एक थोडा जवळचा ठेवायचं सुचवतील, मोनोव्हिजन म्हणतात त्याला. ऑफिसात बसणाऱ्या कित्येकांना ते जमतं, पण लांबच्या पॉटला दोन्ही डोळ्यांनी एकसारखं स्वच्छ दिसलेलं बरं, म्हणून तुम्ही हो म्हणू नका, निदान कॉन्टॅक्ट लेन्सवर तसा नंबर लावून आधी खेळून बघा.

स्नूकर खेळाडू मार्क विल्यम्स 2025 ला पन्नाशीत वर्ल्ड फायनलला पोचला, तेव्हा डोळ्यांमुळं लेन्स बदलायच्या ऑपरेशनबद्दल उघड बोलत होता. कुणी त्याचा दाखला दिला तर लक्षात ठेवा, त्यात डोळ्यातलं भिंगच काढून दुसरं बसवतात, ते लेझर नव्हे. तुमच्या वयाला आणि नंबरला मी ते सुचवणार नाही.

एवढं सगळं वाचून रोजच्या जगण्यातही चष्मा नको असं वाटत असेल तर जरूर तपासून घ्या, फक्त हळदीचा सीझन संपल्यावर. ऑपरेशननंतर सुरुवातीचे आठवडे धूळ आणि डोळे चोळणं चालणार नाही, आणि सौद्याच्या दिवसांत यार्डात ते पाळणं म्हणजे अवघडच. ऑपरेशनआधीचे सगळे रिपोर्ट जपून ठेवा, पुढं मोतीबिंदूच्या वेळी भिंगाचा नंबर काढताना लागतात.

प्रश्न : माझा मुलगा 19 वर्षांचा, कराडला कॉलेजला आहे, कॉन्टॅक्ट लेन्स वापरतो. तोही स्नूकर खेळतो. दर वर्षी नंबर वाढतोय, डोळे सारखे चोळतो. त्याला लेझर करायचंय, करून टाकू का? - एक आई, सातारा

उत्तर : ताई, आत्ता नको. 18 पूर्ण झालं एवढ्यावर लेझर होत नाही, किमान वर्षभर नंबर हललेला नसावा लागतो, नाहीतर आज केलं आणि परवा परत चष्मा. त्याहून मला काळजी चोळण्याची वाटते. डोळे चोळणाऱ्या मुलांमध्ये कधीकधी कॉर्निया पातळ होऊन पुढं येतो, केराटोकोनस म्हणतात, आणि नंबर, विशेषतः सिलिंडर, सारखा वाढण्याचं कारण तेच असू शकतं. अशा डोळ्यावर लेझर केलं तर कॉर्निया आणखी कमजोर होतो. म्हणून लेझरचा विषय बाजूला ठेवून याच महिन्यात कॉर्नियाची टोपोग्राफी, म्हणजे त्याच्या आकाराची तपासणी, करून घ्या आणि खाजेसाठी अॅलर्जीचे ड्रॉप डॉक्टरांकडून लिहून घ्या, मेडिकलवाल्याकडून आपले आपण नको, त्यातल्या काहींत स्टेरॉइड असतं. तपासणीच्या आधी सॉफ्ट लेन्स असेल तर आठवडा-दोन आठवडे बंद ठेवायला सांगा, हार्ड असेल तर अजून जास्त दिवस, नाहीतर रिपोर्ट चुकीचा येतो.