जलकेलीतली ‘केली’ आणि स्टॉर्नोवेची ‘केली’

प्रश्न असा आहे: “भाची स्कॉटलंडला शिकते. जुलैत ती लुईस बेटावर स्टॉर्नोवेच्या संगीत महोत्सवाला गेली होती. तिचा निरोप आला, ‘काल रात्री केलीला गेलो, पाय दुखेपर्यंत नाचलो.’ ही केली म्हणजे आपल्या जलकेलीतलीच ना? पत्रकावरचं स्पेलिंग मात्र मी ‘सेलिध’ असं वाचलं. मराठीत लिहायचं तर काय लिहू?”

लिहायचं ‘केली’च. स्पेलिंगने तुम्हाला चकवलं, त्यात तुमचा दोष नाही. हा शब्द गेलिक, म्हणजे स्कॉटलंडच्या बेटांवरच्या जुन्या भाषेतला. गेलिकमध्ये इंग्रजीतला ‘सी’ कधीच ‘स’ होत नाही, नेहमी ‘क’च्या घरातला राहतो, आणि या शब्दाच्या (ceilidh) शेवटची दोन अक्षरं लिहायची पण उच्चारायची नाहीत. ‘के’ जरा लांबवायचा. आयर्लंडच्या लोकांनी लेखन सुधारताना ती मुकी अक्षरं काढून टाकली, स्कॉटलंडच्यांनी ठेवली.

आता जलकेली. मोह मलाही झाला होता. संस्कृत ‘केलि’ म्हणजे क्रीडा, खेळ, त्यातही शृंगाराचा. तिकडे केलीत गाणं आहे, नाच आहे, तरुण मुलंमुली आहेत, आणि शिवाय गेलिक नि संस्कृत एकाच मोठ्या भाषाकुळातल्या. पण इतका काळ आणि इतक्या अंतरावर वेगळे राहिलेले दोन शब्द हुबेहूब सारखे दिसले, तर आनंद होण्याआधी संशय यावा. खऱ्या नातेवाइकांचे चेहरे एव्हाना बदललेले असतात. गेलिकमध्ये कुत्र्याला ‘कू’ म्हणतात, तो आपला ‘श्वान’. शंभराला ‘किअद’च्या जवळपासचा उच्चार, तो आपला ‘शत’. म्हणजे तिकडच्या ‘क’समोर आपल्याकडे बऱ्याचदा ‘श’ उभा असतो. तिकडच्या या ‘के’चा संस्कृतात जुळा असताच, तर तो ‘शे’ किंवा ‘चे’ने सुरू व्हायला हवा होता. ‘के’ला ‘के’ जुळला, तिथेच गडबड आहे.

अर्थही जुळत नाही. गेलिक शब्दात मुळात ना नाच आहे ना गाणं. जुन्या आयरिशमध्ये, म्हणजे गेलिकच्या पूर्वज भाषेत, ‘केले’ म्हणजे सोबती. त्यावरून झालेल्या नामाचा अर्थ भेट, कुणाकडे जाणं. आजच्या गेलिकमध्येही ‘एकमेकांना’ म्हणायला त्या सोबत्याचाच शब्द वापरतात. केलीला जाणं म्हणजे शेजाऱ्याकडे जाऊन बसणं, एवढंच.

लुईस ज्यांतलं एक, त्या हेब्रिडीज बेटांवर हिवाळ्यात दुपारीच अंधारून येतं. मासेमारी आणि शेतीची कामं थंडावलेली. अशा वेळी वस्तीतल्या एखाद्या घरी मंडळी जमायची. ते घर केलीचं घर म्हणून ओळखलं जायचं. मध्ये पीटचा (दलदलीतल्या वाळवलेल्या मातीचा) विस्तव, बायकांच्या हातात लोकर, कुणी जाळं दुरुस्त करतोय, आणि गोष्टी, कोडी, वंशावळी, गाणी चाललेली. त्यांची एक म्हण आहे: पहिली गोष्ट घरधन्याने सांगायची, मग उजाडेपर्यंत पाहुण्याने. पाहुण्याला जेवू घालून त्याच्याकडून रात्रभराच्या गोष्टी वसूल करायच्या, हा सौदा मला फार आवडतो.

मग हा शब्द नाचापर्यंत पोचला कसा? बेटांवरची माणसं पोटापाण्यासाठी ग्लासगो-लंडनला गेली, तिथे त्यांची मंडळं झाली आणि शेकोटीभोवतीची बैठक भाड्याच्या सभागृहात आली. सभागृह म्हटलं की व्यासपीठ आलं, ठरलेले गायक आले. 1897 साली लंडनच्या ब्लूम्सबरी हॉलमध्ये आयरिश भाषेसाठी झटणाऱ्या मंडळींनी आपली पहिली जाहीर केली भरवली, ती तिथल्या स्कॉटिश गेलिक मंडळींच्या मेळाव्यांवरून सुचलेली. आज स्कॉटलंडच्या शहरात केली म्हणजे अ‍ॅकॉर्डियन, फिडल आणि पुढे काय करायचं ते ओरडून सांगणारा एक माणूस. ‘स्ट्रिप द विलो’ नावाचा नाच लागला की अनोळखी माणसंही हात धरून गरगर फिरतात. लग्नात तर हमखास. भाचीचे पाय दुखले ते यामुळे.

प्रतिशब्द हवाच असेल, तर मैफल नको (त्यात गाणारे आणि ऐकणारे वेगळे असतात), संमेलन तर मुळीच नको. मूळ अर्थाच्या सगळ्यात जवळ आपलं ‘बसायला जाणं’ आहे. “काल देशपांड्यांकडे बसायला गेलो होतो” यातलं. पण गंमत बघा, आता “आज बसायचं का?” असं मित्राने विचारलं, तर तो कुठल्या बसण्याबद्दल बोलतोय हे सांगावं लागत नाही. त्यांचं बसणं नाचाकडे गेलं, आपलं बाटलीकडे.

नातंच शोधायचं असेल, तर त्याच पत्रकावर दुसरा एक शब्द असण्याची दाट शक्यता आहे: ‘फेश’, म्हणजे उत्सव. याच्याकडे बघून कुणालाही मराठीतलं काही आठवणार नाही. पण जुन्या आयरिशमध्ये त्याचा अर्थ रात्र काढणं, मुक्काम करणं असा होता, मेजवानी आणि उत्सव हे अर्थ त्याला लागून आले. त्याचं मूळ आणि संस्कृत ‘वस्’ धातूचं मूळ एकच. आयरिश आणि गेलिकमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा जुना ‘व’ हा ‘फ’ होतो, नियमाने: आपला ‘वीर’ तिकडे ‘फेर’ (पुरुष), आपल्या ‘वेद’, ‘विद्या’मधलं ‘विद्’ तिकडे ‘फिस’ (माहिती, ज्ञान). म्हणून ‘फेश’ हा आपल्या ‘वस्ती’चा भाऊबंद. आणि वस्तीचा तो जुना अर्थ मराठीने अजून टाकलेला नाही. संध्याकाळी गावात येऊन रात्री तिथेच थांबणारी, पहाटे सुटणारी एसटी म्हणजे ‘वस्तीची गाडी’च ना?

आजच्या फेशला मात्र ‘महोत्सव’ म्हणून मोकळं होऊ नका. 1981 साली हेब्रिडीजमधल्याच बॅरा बेटावरच्या लोकांना वाटलं की आपल्या पोरांच्या तोंडून गेलिक आणि हातून वाद्यं दोन्ही जायला लागली आहेत. म्हणून त्यांनी मुलांना गाणं, फिडल, पाइप, नाच शिकवणारी फेश सुरू केली. ती बघून ठिकठिकाणी फेशी उभ्या राहिल्या, आज त्या चाळिसाच्या वर आहेत. तेव्हा ‘फेश’ वाचलं की आधी बघायचं: मुलांचं शिबिर आहे की तिकिटाचा कार्यक्रम? स्टॉर्नोवेचा 1996 पासूनचा तो जुलैतला महोत्सव दुसऱ्या प्रकारातला, किल्ल्याच्या हिरवळीवर मोठा तंबू ठोकून होणारा.

अजून एक, विचारलेलं नसताना सांगतो. या महोत्सवांत कधीकधी बायका टेबलाभोवती बसून ओलं लोकरीचं कापड तालात आपटत गाताना दिसतात. इंग्रजीत या गाण्यांना ‘वॉकिंग साँग’ म्हणतात, पण चालण्याशी त्याचा काही संबंध नाही. मागावरून उतरलेलं कापड घट्ट व्हावं, आटावं म्हणून करायचं ते काम. पूर्वी कापड साठवलेल्या मुतात भिजवत, हे महोत्सवात वगळतात. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ‘हि री हो रो’सारखं अर्थ नसलेलं पालुपद धरायचं. जात्यावरची ओवी ऐकलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही: कष्ट हाताला, मन गाण्यात, आणि सासरचं उणंदुणं काढायची सोय. मुद्दा असा की ते कापड हातोहात फिरायचं ते ‘जेशल’, सूर्याच्या दिशेने. उलट फिरवणं अशुभ. त्यातला ‘जेस’ म्हणजे उजवा आणि दक्षिणही. लिहिताना ‘द’ने लिहितात, बोलताना ‘ज’च्या जवळ जातो. उगवतीकडे तोंड केलं की उजव्या हाताला दक्षिण येते, म्हणून दोन्हींना एक शब्द. संस्कृतात ‘दक्षिण’चेही हेच दोन अर्थ, आणि शब्दही मुळात तोच. म्हणजे लुईसच्या बायका त्या टेबलाभोवती कापडाला प्रदक्षिणाच घालायला लावत होत्या, शब्दासकट.

राहता राहिलं मराठी वाक्यात कसं बसवायचं ते. ईकारान्त असल्यामुळे मराठीत ती स्त्रीलिंगीच होणार, होऊ द्या. ‘केलीला गेलो’, ‘केली रंगली’, ‘केलीची रात्र’ हे सगळं चालेल. फक्त ‘करणे’ हे क्रियापद जवळ येऊ देऊ नका. भाचीने उद्या “आम्ही हॉस्टेलवर केली केली” असं कळवलं, तर तिची आई आधी विचारेल, काय केली?