माफीच्या अर्जाला शेरा मारण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

पतसंस्थेत वसुलीचं टेबल मिळालंय, तर महिनाभरात कुणीतरी येऊन म्हणेलच, 'आमचं तेवढं माफ करून टाका.' नेमकं काय माफ करायचं, ते आधी खातं उघडून बघ. समज, मुद्दल ४ लाख, व्याज १ लाख १० हजार, दंडव्याज ३० हजार. दंडव्याज सोडलंस, अगदी व्याजातलं थोडं सोडलंस, तर संस्थेची कमाई बुडते. मुद्दल सोडलंस की आधी राखीव निधी जातो, मग भागभांडवल, आणि तेही संपलं की रोज ५० रुपये पिग्मी भरणाऱ्या मासळीवालीची ठेव.

निर्लेखन म्हणजे माफी नव्हे. ताळेबंदातून बाकी काढली तरी वसुली चालूच राहते. हे कर्जदाराला पहिल्याच भेटीत सांग. नाहीतर दोन वर्षांनी नोटीस गेली की तो भांडायला येतो, आणि त्याचं फारसं चुकतही नसतं.

भार कुणावर, ते कारण पाहून ठरव. २०१२ साली आपल्या गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा. सांगे, डिचोली, सत्तरीतले खनिज वाहणारे, कर्जावर घेतलेले ट्रक दारात उभे राहिले. सगळेच विकायला निघाल्यावर घेणार कोण? तारणाचीच किंमत गेली. अशा वेळी सरकारने वाटा उचलणं रास्त. पण ज्या संस्थेने एकाच धंद्यावर कर्जं ओतली, तिनेही निदान व्याज सोडावं; संचालक मंडळाला हे पटवणं कठीण जाईल. गाडी परस्पर विकून मोकळा झालेल्याला मात्र एक रुपयाही सोडू नकोस.

सगळ्यात जास्त घोळ जामीनदाराचा. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच. म्हणून वसुली हमखास पगारदाराकडे वळते (जामीन शिक्षक असला की वसुलीवाले खूश, ही सवय लावून घेऊ नकोस). पण कलम १३४ आणि १३५ नीट वाच. जामीनदाराला न विचारता कर्जदाराशी तडजोड केलीस तर जामीनदार सुटू शकतो. मग कर्जदाराने तडजोडीचेही पैसे बुडवले की तुझ्या हाती कुणीच नाही. त्यामुळे तडजोडपत्रावर जामीनदाराची संमतीची सही आधी घ्यायची. त्याने सगळी बाकी भरली, तर कलम १४० प्रमाणे संस्थेचे हक्क त्याच्याकडे जातात. म्हणून तेव्हा तारणाचे कागद कर्जदाराला देऊन बसू नकोस.

घर तारण असेल तर नवरा-बायको दोघांच्या सह्या बघ. वेगळा विवाहपूर्व करार नसेल तर आपल्याकडे गोव्यात स्थावरात बायकोचा अर्धा वाटा, आणि एकट्या नवऱ्याच्या सहीचं गहाणखत कोर्टात अडकतं.

तडजोडपत्रात 'लवकरात लवकर' असलं काही नको. चौथा हिस्सा सहीच्या दिवशी, बाकी ९० दिवसांत, तारखांनिशी. तारीख चुकली तर सवलत रद्द, हेही त्याच कागदावर.

गाडीचं कर्ज असेल तर पैसे पूर्ण जमा झाले की ना-हरकत दाखल्यासोबत फॉर्म ३५ च्या, म्हणजे गाडीवरचा कर्जाचा बोजा संपल्याच्या नोटिशीच्या, दोन प्रती सही-शिक्क्यानिशी दे. त्याशिवाय आरटीओत आरसीवरचं संस्थेचं नाव निघत नाही, आणि माणूस हेलपाटा घालून पुन्हा तुझ्याच टेबलापाशी येतो.

तुझा,
काका