रिपोर्टवरचा आकडा आणि आप्पांचा तरवा

हार्टच्या पेशंटांच्या घरचे मला सगळ्यात जास्त काय विचारतात सांगू? रक्ताच्या रिपोर्टात आकडा एवढा आलाय, म्हणजे आता किती दिवस? मी डॉक्टर नाही हां. बेळगावात हार्ट फेल्युअरच्या पेशंटांना डिस्चार्जनंतर गोळ्या, खाणंपिणं, भीती ह्यावर बोलून समजवायचं माझं काम. त्यातली ही एक केस, ओळख पटू नये म्हणून गाव-नाती थोडी बदललीयत.

खानापूर भागातले आप्पा, वय ७१, भाताची शेती. हृदयाचं पंपिंग कमी झालेलं, पाय सुजले, रात्री आडवं झालं की दम लागायचा म्हणून ॲडमिट केलेलं. डिस्चार्जच्या कागदावर एनटी-प्रोबीएनपी, म्हणजे हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ताची टेस्ट, ४२००. पुण्यातल्या मुलानं मोबाईलवर रिपोर्ट बघितला, शेजारी नॉर्मल १२५ च्या आत असं छापलेलं, झालं, तेहतीस पट म्हणून रात्रभर नेटवर वाचत बसला आणि सकाळी बहिणीला फोन, आप्पांना काय बोलू नको पण शेताचा उतारा काढून ठेव.

माझ्याकडे आली ती भावंडं आणि काकू, आप्पांना बाहेर बाकावर बसवून. पाचच मिनिटांत आप्पा दार ढकलून आत. "ओ बाई, उतारा काढलेला मला दिसतोय की ओ. किती दिस हायत तेवढं सांगा, यंदा तरवा घालू का नको?" तरवा म्हणजे लावणीसाठी भाताची रोपं.

मग मी आधी सगळ्यांना एकत्र बसवलं. लपवाछपवीत पेशंट स्वतःच वाईटात वाईट अंदाज बांधतो, हे मी दर महिन्याला बघते.

त्यांना सांगितलं ते असं. बीएनपी नावातला बी म्हणजे ब्रेन, कारण १९८८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांना हा पदार्थ पहिल्यांदा डुकराच्या मेंदूत सापडला (हे ऐकून काकू म्हणाल्या, मेंदूला पण काय झालंय की काय!), पण माणसात तो मुख्यतः हृदयातनं येतो. आत रक्ताचा दाब वाढून हृदयाची भिंत ताणली की पेशी एक मोठा रेणू सोडतात, त्याचे दोन तुकडे होतात, एक बीएनपी, दुसरा एनटी-प्रोबीएनपी. म्हणजे आकडा ताण किती आहे ते सांगतो. तो जास्त असलेल्यांना धोका जास्त, परत ॲडमिट व्हायची वेळ जास्त, हे खरंच आहे आणि मी ते झाकून ठेवत नाही. पण ते शेकडो पेशंटांच्या गटाबद्दल असतं, त्यातनं एका आप्पांची तारीख निघत नाही. शिवाय वय, किडनी, अनियमित ठोके ह्यांनी आकडा वर जातो, अंगानं जाड माणसात उलट कमी दिसतो. आप्पांची किडनी जरा कमजोरच होती. आणि फाईल उलटून बघितली तर ॲडमिट करतानाचा आकडा होता ७८००! तो कुणी बघितलाच नव्हता. हॉस्पिटलात असताना ३० टक्क्यांहून जास्त घसरण झाली तर ती चांगली खूण मानतात, ह्यांची ४६ टक्के झालेली.

आप्पांनी तरवा घातला. इथपर्यंत छान, पण जाताना मी बोलून गेले, "आता हा आकडा अजून खाली यायला पाहिजे बघा." ती माझी चूक.

दीड महिन्यानं काकू कुंदा, म्हणजे बेळगावची मिठाई, घेऊन हजर. आकडा ६१० झाला म्हणे! घराजवळच्या लॅबमध्ये केलेली टेस्ट. त्या आनंदात लघवीची गोळी आठवडाभर आपल्या आपणच बंद, जत्रेच्या जेवणात लोणचं-पापड, आणि आप्पांचे पाय मला दारातनंच सुजलेले दिसले. रिपोर्ट बघितला तर ती टेस्ट बीएनपीची, एनटी-प्रोबीएनपीची नव्हेच. दोन्हीचे आकडे एकमेकांशी लावताच येत नाहीत, बीएनपीचा नेहमी बराच लहान असतो. वर आप्पांना सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन ही हार्ट फेल्युअरची गोळी चालू, ती बीएनपी मोडणाऱ्या एन्झाईमला अडवते, त्यामुळे बीएनपी वाढलेलं दिसू शकतं, एनटी-प्रोबीएनपीवर तो परिणाम नाही. म्हणून ही गोळी चालू असली की डॉक्टर एनटी-प्रोच सांगतात. कुंदा तसाच टेबलावर राहिला, त्याच दुपारी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं, गोळी परत चालू झाली, ॲडमिट करायची वेळ आली नाही हे नशीब.

आकड्याच्या मागं लागून उपचार करायचे का, हा प्रश्न मोठ्या डॉक्टरांनाही पडलेला होता. गाईड-इट म्हणून अभ्यास झाला, जवळपास ९०० पेशंट, एका गटात एनटी-प्रोबीएनपी १००० च्या खाली आणायचं ठरवून औषधं वाढवली, दुसऱ्या गटात नेहमीसारखे उपचार. २०१७ मध्ये निकाल आला, आकड्यामागं धावलेल्या गटाला जास्त फायदा काही झाला नाही. मला हे माहीत असून मी ते वाक्य बोलले.

आता मी आकड्याऐवजी वजन धरायला सांगते, अंगात पाणी साठलं की ते वाढतं. आप्पांकडे भाताची पोती मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा आहेच, रोज सकाळी लघवीला जाऊन आलं की चहाच्या आधी त्यावर उभं राहायचं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर थांबायचं नाही, फोन करायचा. लोणच्याची बरणी काकूंनी वरच्या फळीवर ठेवलीय, आप्पांचा राग अजून आहे त्यावर.

मुलगा अजून पुण्यातनं विचारतो, परत टेस्ट कधी. डॉक्टरांनी तीन महिन्यांनी सांगितलीय, तीच टेस्ट, त्याच लॅबमध्ये. आप्पांचा प्रश्न एवढाच होता, उपाशीपोटी यायचं काय? ह्या टेस्टला लागत नाही, म्हणलं, भाकरी खाऊन या.