वाचकांचे प्रश्न : दुसऱ्यासाठी शब्द टाकताना

प्रश्न : नोकरीच्या निमित्ताने नगर जिल्ह्यातून येऊन वास्कोत स्थायिक झालेल्या आम्हा आठ-दहा मराठी ख्रिस्ती कुटुंबांची दर बुधवारी प्रार्थनासभा असते. युक्रेन, गाझा, मणिपूर, कुठला पूर, कुठला भूकंप अशी विषयांची यादी वाढतच चालली आहे आणि ती वाचून संपवण्यातच वेळ जातो. मागच्या बुधवारी आमच्यातल्या एका कॉलेजातल्या मुलाने विचारले की, देवाला या बातम्या ठाऊक नाहीत का, आणि एवढी प्रार्थना करूनही युद्धे का थांबत नाहीत? आम्हा मोठ्यांना उत्तर देता आले नाही. – एक वाचक, वास्को

उत्तर : त्या मुलाला कोणी दटावले नसेल अशी आशा आहे, कारण त्याच्या प्रश्नाचा पहिला भाग खुद्द येशूनेच मान्य केलेला आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात, तुम्ही मागण्यापूर्वीच तुमच्या गरजा पित्याला ठाऊक असतात, असे तो सांगतो आणि लगेच पुढे प्रभूची प्रार्थना शिकवतो. म्हणजे देवाला बातमी पुरवणे हे प्रार्थनेचे काम नव्हेच. मराठी बायबलमध्ये दुसऱ्यासाठी केलेल्या प्रार्थनेला ‘रदबदली’ असा शब्द आला आहे, आणि तो दरबारातला आहे : ज्याचा आवाज तिथवर पोहोचत नाही, त्याच्यासाठी आपण उभे राहून शब्द टाकायचा. शब्द टाकणाऱ्याला तो माणूस थोडाफार तरी ठाऊक असावा लागतो. आपल्या यादीत नेमके हेच राहून गेले असावे. तिच्यात देश आहेत, माणसे नाहीत.

दुसरा भाग अवघड आहे. उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात अब्राहाम सदोम नगरासाठी देवाशी जी घासाघीस करतो, ती मडगावच्या मासळी बाजारात शोभावी अशी आहे. ५० नीतिमान सापडले तर नगर राखशील ना, इथून सुरुवात करून तो ४५, ४०, ३०, २० असे करत १० वर येतो, आणि देव प्रत्येक वेळी होकार देतो. तरीही पुढच्या अध्यायात सदोम जळून जाते. मात्र त्याच अध्यायात असेही वाक्य आहे की, देवाने अब्राहामाची आठवण ठेवून सदोमात राहणाऱ्या त्याच्या पुतण्याला, लोटाला, त्या नाशातून बाहेर काढले. साऱ्या घासाघिशीत अब्राहामाने लोटाचे नाव एकदाही घेतले नव्हते. युद्ध माणसे आपल्या इच्छेने करतात आणि देव ती इच्छा हिसकावून घेत नाही, एवढे म्हणता येते. पण ज्याचे घर पडले आहे त्याच्यापुढे हे वाक्य उच्चारण्याचे धाडस मला होणार नाही. त्या मुलाला ही गोष्ट शेवटपर्यंत वाचून दाखवा. आपण सहसा ती दहाच्या आकड्यावरच थांबवतो.

यादीचे काय करावे, हे मला आमच्या वाड्यावरच्या खुरसापाशी, म्हणजे क्रुसापाशी, मे महिन्यात होणाऱ्या लादाईनीत, म्हणजे गाऊन म्हणायच्या सामूहिक प्रार्थनेत कळले. झेंडूच्या माळा, वाऱ्याने विझणाऱ्या मेणबत्त्या, एक व्हायोलिन. पवित्र मारियेची लितानी संपली की ती चालवणारी वयस्क बाई एकेक हेतू सांगते आणि प्रत्येकासाठी सगळे एक ‘आमच्या बापा’, म्हणजे प्रभूची प्रार्थना, म्हणतात : आजाऱ्यांसाठी, मृतांसाठी, आणि दरवर्षी न चुकता तारवटींसाठी, म्हणजे जहाजांवर नोकरीला गेलेल्यांसाठी. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर येमेनमधून हल्ले सुरू झाले. त्यानंतरच्या मे महिन्यात हा हेतू सांगताना तिने समोरच्या दोन घरांकडे बघितले आणि त्या घरांतल्या मुलांची नावे घेतली. येमेन नकाशावर दाखवा म्हटले असते तर तिथल्या निम्म्या लोकांना दाखवता आले नसते, पण एरवी भरभर उरकला जाणारा तो ‘आमच्या बापा’ त्या संध्याकाळी फार सावकाश म्हटला गेला.

तेव्हा यादी ठेवा, पण एका बुधवारी तिच्यातला एकच विषय घ्या. गुड फ्रायडेच्या कॅथलिक उपासनेत दहा विनंत्या असतात. प्रत्येक वेळी आधी हेतू सांगितला जातो, मग सगळे काही वेळ गप्प राहतात आणि त्यानंतरच पुरोहित प्रार्थना म्हणतो. आपली मंडळी प्रॉटेस्टंट परंपरेतली असली, तरी ही रीत उसनी घ्यायला हरकत नसावी. मणिपूरचा विषय असेल, तर गोव्यातल्या हॉटेलांत आणि दुकानांत ईशान्येकडची कितीतरी मुले-मुली काम करतात. त्यांच्यातल्या मणिपूरच्या एखाद्याला चहाला बोलवा, घरी कोण कोण आहे ते विचारा आणि मग प्रार्थना करा. त्यानंतर नुसते ‘आमेन’ म्हणून घरी जाणे जड जाईल, हे मात्र आधीच सांगून ठेवतो.

प्रश्न : राज्यकर्त्यांसाठीची प्रार्थना आमच्याकडे भाषण होऊन बसते. एक जण ‘सरकारला सद्बुद्धी दे’ म्हणतो, दुसऱ्याला तो टोमणा वाटतो. ती वगळावी का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : वगळू नये. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात राजांसाठी व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगितले आहे, आणि तेव्हाचे राजे ख्रिस्ती नव्हते. यिर्मया संदेष्ट्याने तर बाबेलात धरून नेलेल्या आपल्या लोकांना, ज्या नगरात तुम्ही बंदिवान आहात त्याच्याच शांतीसाठी प्रार्थना करा, असे पत्राने कळवले होते. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली मिस्सेतील, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेतील, सार्वत्रिक प्रार्थना पुन्हा सुरू करण्याचे ठरवले, तेव्हा तिच्यातही राज्यकर्त्यांना जागा ठेवली. भाषण टाळायचे असेल, तर माझी साधी कसोटी आहे : तो मंत्री समोरच्या बाकावर येऊन बसला असता, तर हेच शब्द ह्याच सुरात निघाले असते का? आणि निवडणुकीनंतर पक्ष बदलला, तरी तेच चालले असते का? चालले नसते, तर ती विनंती देवाकडे नसून शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाकडे होती.

प्रश्न : आम्ही हिंदू आहोत. माझी आई आजारी आहे आणि शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाने घरच्या लादाईनीत तिच्यासाठी हेतू ठेवला आहे. आम्ही जावे का? – एक वाचक, डिचोली

उत्तर : जरूर जावे. देवळात साऱ्या गावाच्या वतीने गाऱ्हाणे घातले जाते ते आपणास ठाऊक आहेच. परक्याच्या घरी गेल्यासारखे वाटायचे कारण नाही. शब्द म्हटले नाहीत तरी चालते. शेवटी उकडलेले चणे वाटतात, ते घेतल्यावाचून निघू नका, यजमानांना वाईट वाटते. आणि आईंना बरे वाटू लागले की शेजाऱ्यांना आठवणीने कळवा, नाहीतर पुढच्या लादाईनीतही त्यांचे नाव आजाऱ्यांतच घेतले जाईल.