वॉटरप्रूफिंगचं लिक्विड मापानंच घाल

भावा, गिलाव्याच्या मालात मिसळायच्या या लिक्विडनं सिमेंटची ताकद वाढत नाही. त्यातली स्टिअरेटसारखी पाणी झटकणारी द्रव्यं बारीक छिद्रांना पाणी ओढू देत नाहीत, एवढंच. भेगा त्यानं बुजत नाहीत. डब्यावर ५० किलोच्या पोत्याला २०० मिली लिहिलं असेल तर तेवढंच घाल, तेही आधी पाण्यात मिसळून. कोल्हापूरच्या जुलैत पश्चिमेची भिंत आठवडेच्या आठवडे भिजते, म्हणून हात सैल सुटतो. रंकाळ्याजवळच्या एका कामावर मी दुप्पट ओतलं. माल लोण्यासारखा पसरला, पण आत हवा धरली. महिन्यानंतरही खिळ्यानं ओरखडलं की पीठ गळायचं. अख्खा गिलावा पाडून पुन्हा केला. लिक्विड घातलं तरी किमान ७ दिवस पाणी मारायचंच.